मानेला बांधलेलं पाणी

माझ्या आईला अख्ख्या गावानं एकदा लटकलेली पाहिली. ती लटकलेली नव्हती, खुर्चीवर बसलेली होती, आणि हे मी त्या दिवसापासून सांगत आले आहे. पण आमच्या गावात खरं सांगितलं की लोक 'हो का' म्हणतात आणि आपलंच धरून चालतात.

गाव केजच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला खाली कारखान्यांकडं जातं आणि उन्हाळा लागल्यावर परततं. माझे आईवडील माझ्या जन्माआधीपासून जात होते. तोडीला एकट्या माणसाला कुणी विचारत नाही. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, फळीवरून वर चढवायची. त्या दोघांचा मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा गावातलाच माणूस, तो कोयते मोजतो. माणसं मोजायची त्याला सवय नाही.

त्या दुष्काळाच्या वर्षी आई तोडीवरून परतली ती मान धरूनच. आधी म्हणाली, गाडीत झोपून अवघडली असंल. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. भाकरी थापताना परातीतच मोडायची आणि आई पिठाला शिव्या द्यायची. पुढं टँकरच्या गर्दीत भरलेली कळशी तिच्या हातातून सुटली. दुष्काळात पाणी सांडणं म्हणजे काय, हे ज्यानं ती रांग पाहिली त्यालाच ठाऊक. बायका तिला घालूनपाडून बोलल्या आणि ती आपल्याच हाताकडं, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं, बघत उभी राहिली. त्या रात्री तिनं वडिलांना सांगितलं.

केजच्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मानेच्या मणक्यांमधली जागा कमी झालीय, नस दबलीय, म्हणाले. ऑपरेशन नको असेल तर मानेला ताण द्यायचा, रोज दोनदा. मणके जरा लांब झाले की नस मोकळी होते. त्यांनी एक कापडी पट्टा दिला, एक कप्पी, दोरी आणि जाड प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीवर रेघा होत्या. खालून तिसऱ्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, त्याच्या वर थेंबही नाही.

"म्हंजी मला ओढून उंच करायचं का?" आईनं विचारलं.

डॉक्टर हसले. "मावशी, डोक्यावर ओझं घेणं सोडलं नाही तर हात कायमचा जाईल. दसऱ्यापर्यंत करा, मग बघू."

परतताना एसटीत वडील खिडकीबाहेर बघत होते. बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती नांगरलेली ढेकळं. तसंच बघत म्हणाले, "दसऱ्यापर्यंत न्हाई झालं, तर पोरगी यील माझ्यासंगं. मुकादमाला शबूद दिलाय."

मी शेजारीच बसले होते. मी दहावीत होते.  आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि गाव येईपर्यंत सोडलं नाही.

तर असं होतं सगळं. दसऱ्याच्या आत आईची मान मोकळी झाली तर माझी शाळा, नाहीतर माझ्या डोक्यावर मोळी. मी देवाला कधी फार मागितलं नाही, पण त्या पट्ट्याला मी मनातल्या मनात नवस बोलले होते.

घर पत्र्याचं. दाराच्या चौकटीला कप्पी अडकवली तर चौकटच हलायला लागली. मग वडिलांना दूध संस्थेची खोली आठवली. गावाची सहकारी दूध संस्था त्या साली बंद पडली होती, कारण जनावरं सगळी चारा छावणीत आणि दुधाचा पत्ता नाही. खोली मात्र पक्की, स्लॅबची. छताला मधोमध एक लोखंडी आकडा, ज्याला कॅन तोलायचा काटा लटकवायचे. चेअरमन भावकीतलेच. त्यांनी किल्ली काढून दिली आणि म्हणाले, "बसवा तिथं. आता उंदीरबी ऱ्हाईले न्हाईत त्या खोलीत."

ती खोली मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. दूध बंद होऊन महिने झाले होते, फरशी कोरडी ठणठणीत, तरी नासलेल्या दुधाचा वास जात नव्हता. एका बाजूला उंचावर जाळीची खिडकी, तिच्यापलीकडं टँकर उभा राहायचा तो चौक. आत बोललं की आवाज जरा उशिरा परत यायचा. आई भिंतीकडं तोंड करून लोखंडी खुर्चीवर बसायची. पट्ट्याचा एक भाग हनुवटीखाली, दुसरा मानेमागं. दोरी आकड्याच्या कप्पीवरून खाली यायची आणि तिला पिशवी. मी पिशवी हळूच सोडायची. मग आईची मान लांब व्हायची. गळ्याच्या शिरा वर यायच्या, जबडा घट्ट मिटायचा, डोळे छताकडं ओढले जायचे. चेहरा ओळखू यायचा नाही. हे सांगायला आजही जिवावर येतं, पण त्या पट्ट्यात आलेल्या आईची मला भीती वाटायची. तिला बोलता यायचं नाही. काही विचारलं की नाकातून 'हं' करायची, आणि तो 'हं' तिच्या आवाजाचा नसायचा.

तरी गुण येत होता. पंधरवड्यात तिनं ओलं लुगडं दोन्ही हातांनी पिळून दाखवलं. पाणी बादलीत पडताना बघून आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, टँकर लागलेला. आईला पट्टा लावून मी आमचा नंबर धरायला बाहेर गेले होते. एक म्हातारी सावलीसाठी खिडकीखालच्या दगडावर चढली आणि जाळीतून आत बघितलं. तिला दिसलं ते असं: छताचा आकडा, त्यावरून आलेली दोरी, दोरीला मान आणि पाठमोरी बाई. खुर्ची तिला दिसली नाही, आईच्या लुगड्याखाली झाकली होती. म्हातारीनं जी बोंब ठोकली ती ऐकून अर्धी रांग कळश्या टाकून धावली. दार ढकलून पाचसहाजण आत घुसले. दोघांनी आईचे पाय धरून तिला वर उचलली, एकानं कोयत्यानं दोरी तोडली. पिशवी फुटली, पाणी फरशीवर. आई त्यांच्या हातात तडफडत होती, पण जबडा बांधलेला, त्यामुळं नुसती गुरगुरत होती. मी ओरडत आत आले, सगळ्यांना बाजूला केलं, पट्टा सोडला. आईनं पहिला श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलली, "मुडद्यांनो, माझं पानी सांडलं."

सगळे हसले. डॉक्टरचा कागद दाखवला, पट्टा दाखवला. कळलं, कळलं, म्हणत गेले. पण म्हातारी दारातच उभी होती. ती आईला खालीवर बघत मला म्हणाली, "ती गेलती ग. मी तिचं त्वांड बघितलंय. जाऊन आली ती."

दोन दिवसांत गावभर तेच. शेतात, छावणीत, पिठाच्या गिरणीवर. जाऊन आली. कुणी आम्हाला तोंडावर म्हणायचं नाही. आईला रांगेत पुढं जाऊ द्यायला लागले, तेवढा फायदा झाला. पण तिच्या हातचं पाणी घ्यायला पोरं कचरायला लागली.

वडील केजहून नवी पिशवी घेऊन आले आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. मी दार आतून लावून घ्यायची. तिसऱ्या का चौथ्या दुपारी कडी वाजली. चुलत्याची सून होती. म्हणाली, जरा बसते. बसली. आई पट्ट्यात. आईच्या पाठीकडं बघत ती हळूच म्हणाली, "अक्का, आमच्या सासूबाई दिसल्या का ओ तिथं? माझ्यावरचा राग गेला का त्यंचा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं 'हं' केलं. ती बाई पदरात तोंड खुपसून रडली, मन मोकळं करून उठली आणि जाताना आपल्या तांब्यातलं पाणी आमच्या पिशवीत ओतून गेली.

पट्टा सोडल्यावर मी आईवर भडकले. "कावून हं म्हनलीस?"

"चमक आली मानंत. मी कशाला तिला हं म्हनू?" आई म्हणाली. मग म्हणाली, "पर बरं वाटलं ना बिचारीला."

त्यानंतर बायका यायलाच लागल्या. मी दार उघडलं नाही तर खिडकीखाली बसायच्या आणि तिथून विचारायच्या. कुणाचा नवरा, कुणाची बहीण, कुणाचं बाळंतपणात गेलेलं लेकरू. आई कधी 'हं' करायची, कधी काहीच नाही. काहीच नाही केलं तरी त्यांना उत्तर मिळायचं. आणि प्रत्येकजण पाणी ओतायची. गेलेल्या माणसाला तहान लागते असं आमच्याकडं मानतात, आणि दुष्काळात तर ती किती लागत असेल असा त्यांचा हिशोब. स्वतःच्या पोरांना घोट घोट देणाऱ्या बाया तिथं तांब्या रिता करायच्या. मी हात धरायची, रेघ दाखवायची, भांडायची. "तिची मान तुटंल, कळतंय का तुमाला?" त्या ऐकून घ्यायच्या आणि मी पाठ वळवली की ओतायच्या. कधी कधी तर मी एकटीच असायची, दार लावलेलं, कुणी आलेलं नाही, आणि तरी पाणी तिसऱ्या रेघेच्या वर दिसायचं. मी स्वतःला समजवायची की मघाचंच असेल, माझं लक्ष नसेल. पण ओतलेलं उपसून टाकताना मी पुन्हा पुन्हा दाराची कडी बघायची.

आईच्या हातातली ताकद पुन्हा ओसरायला लागली. लुगडं पिळताना पाणी लुगड्यातच राहायला लागलं. मी म्हटलं, माय, बंद कर हे, कुणाला येऊ देऊ नको. ती म्हणाली, येऊ दे. मला तेव्हा तिचा संताप आला. तिला मान मिळत होता गावात, तो तिला सुटत नव्हता असं मला वाटलं. ती कशासाठी थांबली होती ते मला नंतर कळलं, किंवा कळलं असं मी समजते.

दसरा तोंडावर आला आणि मुकादमाची म्हातारी आई आली. ती कुणाच्या दारात जाणारी बाई नव्हती. तिची मुलगी, म्हणजे मुकादमाची धाकटी बहीण, माझ्या वयाची असताना तोडीला जाताना भरल्या ट्रॉलीवरून झोपेत खाली पडून गेली होती. मी तेव्हा लहान होते. त्या मुलीविषयी गावात कुणी बोलत नसे, मुकादमासमोर तर नाहीच.

म्हातारी आली ती कळशी घेऊनच. मी अडवायला पुढं झाले, तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी बाजूला झाले. आई पट्ट्यात होती. म्हातारीनं सावकाश, सांडू न देता, कळशीतलं पाणी पिशवीत ओतलं. तिसरी रेघ गेली, चौथी गेली, पिशवीच्या तोंडाजवळची काळी पट्टी गेली. आकडा करकरला. आईच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या. मी आईच्या खांद्याला धरलं तर तिनं डाव्या हातानं मला मागं ढकललं.

"माझी पोरगी काय म्हनती?" म्हातारीनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, लेकीच्या सासरची खुशाली विचारावी तसा.

बाहेर टँकरची मोटर चालू होती, ती त्याच वेळी बंद झाली. आणि मला आवाज ऐकू आला. बारीक, पोरीचा, आईच्या आवाजातली खरखर नसलेला. "बिनलग्नाच्या पोरी नेऊ नका."

खोलीत आम्ही तिघीच होतो. मी आईच्या तोंडाकडं बघत होते. पट्टा घट्ट होता, ओठ मिटलेले होते, डोळे छताकडं. ते ओठ हलले असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नाही हलले असंही सांगू शकत नाही. वाक्य भिंतीवर जाऊन उशिरा परत आलं. म्हातारीनं रिकामी कळशी उचलली, हात जोडले आणि निघून गेली.

मी पिशवी फाडूनच टाकली. पाणी माझ्या पायांवर आलं, गार. आईला खाली बसवली, मांडीवर डोकं घेतलं. श्वास लागल्यावर विचारलं, "तू बोललीस ना? माय, तूच बोललीस ना?"

"कवा?" आई म्हणाली. "माझा डोळा लागलता. कोन आलतं?"

माझी आई चतुर बाई होती. वडिलांना सरळ नाही म्हणायची हिंमत तिच्यात नव्हती, म्हणून वाकड्या वाटेनं जाऊन तिनं मला सोडवलं, असं मी पुढं कित्येक वर्षं लोकांना रंगवून सांगितलं. सांगताना हसूही येतं. एकटी असले की मात्र तो आवाज आठवतो, आणि आईला कितीही जमलं असतं तरी तो आवाज तिचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः घरोघर फिरला. तोंड उतरलेलं. "औंदा बिनलग्नाची पोरगी गाडीत घ्यायची न्हाई. मायची आण हाय." वडील ओट्यावर बसून होते. मी घरात चुलीमागं उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, इतका आनंद झाला होता. पुस्तकांना पुन्हा कव्हरं घातली. तो एक दिवस माझा होता.

मग गावानं मुकादमाच्या आईची आण जशीच्या तशी पाळली. ज्या घरांत आई आजारी, आई गेलेली, किंवा बापाला जोडीदार नाही, त्या घरांतून पोरीला तोडीला न्यायचंच होतं. ती बिनलग्नाची चालत नव्हती. दसऱ्याच्या आधीच्या त्या आठवड्यात मारुतीच्या देवळापुढं लग्नं लागली. मुहूर्त कुणी पाहिला नाही, मांडव कुणी घातला नाही. बापानं कबूल केलेल्या कोयत्याच्या जागी नवरा-नवरी नवा कोयता म्हणून मुकादमाकडं गेले की झालं. माझ्या बाकावर शेजारी बसणारी माझी मैत्रीण, जिच्या वहीतून मी गणितं उतरवायची, तिचं लग्न एका दुपारी झालं. मला कळलं तेव्हा तिच्या हातात हिरवा चुडा भरून झाला होता. तिची आई मला म्हणाली, "बरं झालं बाई, तुझ्या मायमुळं पोरगी मार्गी लागली. न्हाईतर तशीच नेली असती."

घरी आले तर वडिलांबरोबर दोन अनोळखी माणसं बसलेली. त्यांच्यापुढं चहा होता. चहा मी केला नव्हता, आईनं केला होता, कप डाव्या हातानं धरून एकेक आणून दिला होता. माणसं गेल्यावर वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरगा चांगला हाय. कोयत्याला हुशार हाय."

आई उठली. कोपऱ्यातून तिनं चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली आणि पाण्यानं भरलेली घागर मला उचलून द्यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. मग तिनं ती स्वतःच उचलली, गुडघ्यावर, मग छातीशी, मग डोक्यावर. उजवा हात नुसता लावलेला होता, धरत नव्हता. ती वडिलांसमोर उभी राहिली. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता.

"म्या येती," ती म्हणाली. "त्या मानसास्नी सांगा, चहा पिला, आता घरी जा."

 वडिलांनी उठून घागर खाली उतरवली.  त्यांना मी वाईट म्हणत नाही, पण त्या दिवशी म्हटलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर दूध संस्थेपुढंच लागला. ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळी, पोरं, आणि वर माणसं. आई कडेला बसली होती, मान ताठ, फडक्यानं गुंडाळलेली. तिच्या शेजारी माझी मैत्रीण, मांडीवर नवा कोयता, पातीला अजून दुकानातलं तेल. तिचा नवरा पुढं ड्रायव्हरजवळ उभा होता, त्याच्या ओठांवर अजून धड मिशाही फुटल्या नव्हत्या. मी शाळेच्या कपड्यात खाली उभी. कुणाकडं बघावं मला कळत नव्हतं. मी वाचले होते याचा आनंद होता आणि तो कुठं लपवावा ते सुचत नव्हतं.

मैत्रिणीनं वाकून मला जवळ बोलावलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या मायला इचार ना. ती पोरगी आता काय म्हनती?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या पोरीसारखंच रात्र रात्र ट्रॉलीवर बसून जायचं होतं तिला.

आई हातभर अंतरावर होती. तिनं ऐकलं होतं. ती समोर बघत होती आणि तिचा जबडा घट्ट मिटलेला होता. मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येईल, याची मला भीती वाटली. ट्रॅक्टर सुरू झाला.